वाण बाजाराचा, जोखीम बागेची

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने द्राक्षवेलीच्या रोगांवर लिहावे, हे विज्ञान शाखेतील मित्रांना आगाऊपणाचे वाटेल. परंतु द्राक्षबागेतील फवारणी हा जितका वनस्पतिशास्त्राचा, तितकाच जमाखर्चाचा विषय आहे असे माझे मत आहे.

तासगाव, अथणी, विजयपूर या पट्ट्यातील पुष्कळ बागा थॉम्सन सीडलेसच्या किंवा तिच्यातूनच निवडलेल्या वाणांच्या आहेत. तास-ए-गणेश, सोनाका ही नावे निराळी, कूळ एकच. बिनबियांचे, पातळ सालीचे हे फळ ताजे खपते, बेदाण्यालाही चालते. मात्र केवडा, भुरी आणि करपा या तिन्ही रोगांना ते बळी पडते. ऑक्टोबर छाटणीनंतर कोवळ्या फुटीवर पाऊस पडला की शेतकरी पंप घेऊन उभाच. (मराठीत आपण औषध 'मारतो', कन्नडमध्ये औषधि 'होडियोदु', मारामारी दोन्हीकडे सारखीच!)

याउलट बंगळूर ब्ल्यू. अमेरिकन कुळाचा हा काळा, बियांचा वाण करप्याला चांगला टिकतो. केवड्यापुढे मात्र त्याचेही चालत नाही. तेव्हा 'रोगाला टिकणारा वाण' असे मोघम बोलून भागत नाही. कोणत्या रोगाला, हे विचारले पाहिजे. डॉगरिज खुंटाविषयीही असाच घोटाळा होतो. त्या खुंटामुळे वेलीला खारे पाणी व पाण्याचा ताण सोसतो. पण वर कलम केलेली पाने थॉम्सनचीच, त्यामुळे केवडा यायचा तो येतोच.

केवडा मूळचा अमेरिकेचा. तिथल्या रानवेली त्याच्या सहवासातच वाढल्या, म्हणून त्यांतील अनेक तग धरतात. १८७८ मध्ये तो फ्रान्समध्ये आढळला तेव्हा तिथल्या वेलींजवळ असे काही बळ नव्हते. १८८५ मध्ये मिलार्दे यांनी मोरचूद व चुन्याचे बोर्डो मिश्रण पुढे आणले. फवारणीचे हे खाते तेव्हा उघडले, ते अजून मिटलेले नाही. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने दुसरी वाट धरली. अमेरिकन कॅटावबा आणि ब्यूटी सीडलेस यांच्या संकरातून तिने 'एआरआय-५१६' हा वाण काढला. तो बुरशीजन्य रोगांना दाद देत नाही, रसाला उत्तम आहे. बी मात्र आहे!

गाडे अडते ते इथेच. बी नको, हे गिऱ्हाईक ठरवते. त्याची किंमत शेतकऱ्याच्या खात्यावर पडते. नफा-तोटा पत्रकात आपण औषधांचा खर्च दरसालचा म्हणून लिहितो. वास्तविक तो वाण निवडला त्याच दिवशी गळ्यात पडलेला, बाग उभी असेपर्यंतचा हप्ता आहे. बियांच्या द्राक्षाला भाव कमी, हे मान्य. परंतु फवारणी, मजुरी आणि पावसात हातचे गेलेले घड वजा केल्यावर कोणाच्या पदरात किती उरते? रसाचे कारखानदार लावणीपूर्वीच दराचा लेखी करार करतील, तर हे गणित आणखी बदलेल.

आमच्या विभागात प्रकल्पांसाठी दरवर्षी त्याच त्या दुकानांचे हिशेब तपासले जातात. त्याऐवजी थॉम्सनची एक व बियांच्या वाणाची एक, अशा दोन बागांचे छाटणीपासून तोडणीपर्यंतचे हिशेब शेजारी शेजारी मांडावेत. नव्या लावणीला कर्ज देणाऱ्या पतसंस्थेपुढे ठेवण्याजोगा एखादा कागद तरी त्यातून तयार होईल.