आधी आभाळ, मग पाना

दुर्बिणीचं नवं माउंट घरी आलं की ते आधी पूर्ण खोलायचं, कारखान्याचं ग्रीस पुसून काढायचं, बेअरिंगं बदलायची, पुन्हा जोडायचं आणि मगच आकाशाखाली न्यायचं, असा उपदेश हौशी आकाशनिरीक्षकांत हल्ली फार जोरात चालला आहे. गेल्या कार्तिकात एका अनुभवी गृहस्थांनी तो माझ्यासमोर एका विशीतल्या मुलाला केला. ‘‘कारखान्यातून येतो तो कच्चा माल. न खोलता वापरलंस तर पस्तावशील.’’ मुलानं दोन वर्षं पैसे साठवून एचईक्यू 5 हे माउंट घेतलं होतं. त्यानं मान डोलावली.

डिसेंबरच्या शेवटी मी त्याच्या घरी गेलो. अभ्यासाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं, स्टीलच्या ताटात बेअरिंगं, आरए, म्हणजे ताऱ्यामागे फिरणाऱ्या, अक्षाचा दांडा जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेला, औषधाच्या बाटलीच्या झाकणात चार बारीक ग्रब स्क्रू. त्यातल्या एकाच्या षटकोनी खाचेचे कोपरे ॲलन की घसरून गोल झालेले. खिडकीबाहेर मृग नक्षत्र लख्ख वर आलेलं. त्या माउंटवरून मुलानं तोवर एक तारासुद्धा पाहिला नव्हता. हा लेख मी त्या टेबलामुळे लिहितो आहे.

समोरच्या बाजूचं म्हणणं थोडक्यात असं. कारखान्यातलं ग्रीस हलकं आणि चिकट असतं. दात कापताना उडालेला धातूचा कीस त्यात तसाच राहतो. वर्म (मळसूत्री दांडा) आणि वर्म व्हील (त्यानं फिरणारं दातेरी चाक) यांची जुळणी घाईत केलेली असते, म्हणून एक तर प्ले (दात्यांतली मोकळी फट) राहतो किंवा अक्ष जड फिरतो. शिवाय यंत्र आतून पाहिल्याखेरीज ते आपलं होत नाही. यातलं एकही वाक्य सर्वस्वी खोटं नाही. या चार वाक्यांतून निघणारा ‘म्हणून आधी खोला’ हा निष्कर्ष मात्र चूक आहे.

पहिला प्रश्न साधा आहे. जे दुरुस्त करायला निघालात ते बिघडलेलं आहे हे कशावरून ठरवलंत? माउंटचं काम एकच, पृथ्वीच्या फिरण्याशी पाऊल मिळवून ताऱ्यामागे जाणं. तारा 86,164 सेकंदांत एक फेरी पुरी करतो. एचईक्यू 5 च्या वर्म व्हीलला 135 दाते असतात, म्हणजे वर्मचा एक फेरा 638 सेकंदांचा, साडेदहा मिनिटांहून थोडा जास्त. ईक्यू 6 ला 180 दाते, तिथं तोच फेरा सुमारे 479 सेकंदांचा. वर्म जराही वाकडा बसला असला तर तारा दर फेऱ्याला एकदा पुढे आणि एकदा मागे सरकतो. यालाच आवर्ती त्रुटी म्हणतात, आणि ती मोजता येते. मार्गदर्शक कॅमेरा लावा, दुरुस्तीचे आदेश बंद ठेवा, तीन फेरे होईपर्यंत म्हणजे बत्तीस मिनिटं तारा नुसता नोंदवत राहा. संगणक आलेख काढून देतो. संगणक नसेल तर जुन्या लोकांसारखं फुलीच्या तारांचं नेत्रभिंगही चालतं, घड्याळ आणि वही जवळ हवी.

तो आलेख म्हणजे माउंटची नाडी आहे. त्रुटी मोठी पण लाटेसारखी सावकाश असेल, तर मार्गदर्शक कॅमेरा ती सहज झेलतो आणि फोटोत तारे गोल येतात. त्रुटी छोटी पण दातेरी, क्षणाक्षणाला उसळणारी असेल, तर ती कॅमेऱ्याला झेपत नाही. वर्मवर कीस अडकला असेल तर आलेखात दर 638 सेकंदांनी त्याच जागी काटा उभा राहतो. तेव्हा खोला, मीही सोबत येतो. पण आधीचा आलेखच नसेल, तर चार दिवस खपून, हात काळे करून जोडलेलं माउंट सुधारलं की बिघडलं हे कोण सांगणार? ‘‘आता हाताला कसं लोण्यासारखं फिरतं!’’ हा पुरावा मला फार वेळा ऐकवला गेला आहे. क्लच सोडून हातानं अक्ष फिरवता तेव्हा बेअरिंगं फिरतात, वर्म जागचा हलत नाही. म्हणजे जो भाग ताऱ्यामागे जातो त्याची या लोण्यात परीक्षाच होत नाही.

आणि हे सगळं किती बारकाईचं आहे ते पाहा. वर्म व्हीलची त्रिज्या 50 मिलिमीटर धरली, तर आकाशातला एक कोनीय सेकंद म्हणजे त्या चाकाच्या कडेवर पाव मायक्रॉनपेक्षाही थोडी कमी सरक. दहा मायक्रॉनचा एक कण नको त्या जागी दात्यात अडकला, तर सुमारे 40 कोनीय सेकंदांची चूक होते. गुरूचं बिंब साधारण तेवढंच दिसतं. कारखान्यातल्या किसाची एवढी धास्ती घेणारा माणूस तेच चाक आपल्या शहरात, पंख्याखाली, रस्त्याची धूळ येणाऱ्या खिडकीशी उघडं ठेवतो, आणि पुसायला जुना बनियन घेतो. त्याचे धागे कुठे जातात?

तापमानाकडे तर कोणाचंच लक्ष नसतं. माउंटचा साचा ॲल्युमिनियमचा, चाक बहुधा पितळेचं, वर्म पितळेचा किंवा पोलादाचा. थंडीत ॲल्युमिनियम या दोन्हींपेक्षा जास्त आकसतं. घरी दुपारी 30 अंशांना ग्रब स्क्रू आवळून प्ले शून्यावर आणला, की पहाटे तीन वाजता माळरानावर 10 अंशांना साचा आकसून वर्मला चाकावर दाबतो. मोटर अडते, तारा उड्या मारतो आणि दोष पुन्हा कारखान्याच्या माथी जातो. थोडा प्ले असावाच लागतो. आरए अक्षावर तोल पूर्वेकडे किंचित जड ठेवला की दाते एकाच बाजूनं टेकलेले राहतात आणि तो जाणवत नाही. या उपायाला पाना लागत नाही.

ग्रीस थंडीत घट्ट होतं, ही तक्रार उणे पंधरा अंशांत निरीक्षण करणाऱ्या युरोप-कॅनडातल्या लोकांची आहे आणि त्यांच्यापुरती ती खरी आहे. निफाडची थंडी धरली तरी आपल्याला ती लागू होत नाही. उलट आपल्या उन्हाळ्यात पातळ ग्रीस ओघळतं. माझ्या एका स्नेह्यानं असंच पातळ ग्रीस भरलं होतं, ते ओघळून क्लचवर आलं. क्लच पूर्ण आवळूनही अक्ष सुटला आणि दुर्बिणीची सहा इंची नळी तिपाईच्या पायावर आदळली. दुय्यम आरशाचा टवका उडाला. वॉरंटी तर खोलल्या क्षणीच संपली होती.

हा वाद मला नवा नाही. वीस वर्षांपूर्वी दुर्बिणीचा आरसा धुण्यावरून हेच झालं होतं. पाऊस संपला की प्रत्येकानं मुख्य आरसा काढून धुतलाच पाहिजे, असं एका पक्षाचं म्हणणं होतं. मी तेव्हाही सांगत होतो, आरशावरच्या चार धूळकणांनी प्रतिमा बिघडत नाही, कापसाच्या बोळ्यानं पडलेल्या ओरखड्यांनी बिघडते. बुरशी दिसली तर धुवा, आणि जरूर धुवा. त्या पक्षातल्या किती जणांना दोन-तीन वर्षांत आरशावर पुन्हा मुलामा चढवून घ्यावा लागला, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

नव्या माणसाला जे सांगायला हवं ते कोणी सांगत नाही. माउंटचा अक्ष ध्रुवाकडे नेमका रोखावा लागतो, आणि पुण्यात ध्रुव क्षितिजापासून जेमतेम साडेअठरा अंशांवर असतो, धुरकट हवेत आणि बहुधा एखाद्या इमारतीमागे. इतक्या कमी अक्षांशाला माउंट इतकं कलतं की तोलवजनाचा दांडा तिपाईच्या पायाला लागू शकतो. ‘‘माउंट खराब आहे’’ म्हणून माझ्याकडे जे आले, त्यांतल्या बहुतेकांचा ध्रुवरोख चुकलेला होता, तोल बसलेला नव्हता किंवा तिपाईचा एखादा बोल्ट ढिला होता. तिन्ही गोष्टी अर्ध्या तासात नीट होतात.

मग करायचं काय? आपल्याकडे आभाळ कार्तिकापासून वैशाखापर्यंत उघडं. त्यात कामाच्या अमावास्या सहा-सात, त्यांतली एखादी अवकाळी ढगांत जाते आणि एखादी परीक्षेत. त्या सगळ्या आकाशाला द्या. पहिल्या रात्री आलेख काढा, तिसऱ्या महिन्यात पुन्हा काढा आणि दोन्ही शेजारी ठेवा. अक्ष फिरवताना खरखर लागली, एखाद्या जागी अडखळला किंवा आलेखात काटा दिसला, तर वॉरंटी आहे तोवर विकणाऱ्याकडे परत पाठवा. ती संपल्यावर ज्येष्ठ सरता सरता, आभाळ भरून आलं की दारं-खिडक्या लावून खोला, काय करायचं ते आधी कागदावर लिहून. पावसाच्या दमट हवेत ग्रीस पुसलेलं पोलाद रात्रभरही उघडं टाकू नका.

याचं एक जुनं उदाहरण आहे. 1824 च्या अखेरीस डोर्पाटच्या वेधशाळेत फ्राउनहोफरनं घडवलेली नऊ इंची दुर्बीण पेट्यांतून आली, तेव्हा वजनावर चालणाऱ्या घड्याळानं ताऱ्यामागे जाणारं तिचं माउंट जगात नवलाईचं होतं. तिथल्या खगोलशास्त्रज्ञ स्ट्रूव्हनं ते उभं केलं आणि आकाशाकडे वळवलं. 1825 ते 1827 या काळात त्यानं सुमारे 1,20,000 तारे तपासले आणि 3,112 जोडताऱ्यांची यादी छापली.

त्या मुलाचं माउंट फेब्रुवारीत आम्ही दोघांनी जोडलं. गोल झालेला ग्रब स्क्रू लेथवाल्याकडून काढून घ्यावा लागला. मार्चच्या अमावास्येला पहिला आलेख निघाला, सावकाश लाटेचा, कॅमेऱ्याला पेलणारा. पण डिसेंबरातला आलेख नाही, त्यामुळे त्या चार महिन्यांत त्यानं काय मिळवलं आणि काय घालवलं, हे त्याला कधीच कळणार नाही. उपदेश करणाऱ्या गृहस्थांकडे मी त्यांच्या स्वतःच्या माउंटचा खोलण्याआधीचा आलेख तीनदा मागितला आहे. तो अजून मला मिळालेला नाही.