कुंपण हवे, पण कोणते?

विद्यार्थिमित्रांनो, इंग्लंडमधील बागांविषयीचे एखादे पुस्तक उघडा. कुंपणाचा विषय निघाला की त्यात 'हॉथॉर्न' या झुडपाचे नाव बहुधा येतेच. पांढरी फुले, लाल फळे आणि अणकुचीदार काटे असलेले हे झुडूप. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत तिकडच्या मोकळ्या जमिनींना हद्दी घातल्या गेल्या, तेव्हा मैलोन्‌मैल हॉथॉर्नच्याच रांगा लावण्यात आल्या. लोणावळ्याची हवा थंड. मग तेथील बंगल्याभोवती हॉथॉर्न का लावू नये, असे एखाद्या हौशी माणसाला वाटणे स्वाभाविक आहे. माझे उत्तर मात्र 'नको' असे आहे. मावळच्या डोंगरांवर त्याच कामाचे झुडूप आधीपासूनच उभे आहे. ते म्हणजे आपली करवंदाची जाळी!

आधी हॉथॉर्नची अडचण पाहू. त्याचे बी कठीण कवचात असते आणि रुजण्यापूर्वी त्याला दीर्घकाळ ओलसर गारठ्यातून जावे लागते. बर्फ पडणाऱ्या प्रदेशांना ते सरावलेले आहे. लोणावळ्याची थंडी त्याला पुरणार नाही. शिवाय येथे पावसाळ्यात ४,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो आणि पुढचे सात-आठ महिने डोंगरउताराची जमीन वाळत जाते. करवंद मात्र याच पावसात, याच मुरमात आणि याच उन्हाळ्यात वाढलेले आहे.

आता काट्याकडे नीट पाहा. गुलाबाचा काटा सालीवरचा असतो. अंगठ्याने दाबला की निखळतो. करवंदाचा काटा तसा निखळत नाही, कारण तो खोडाचेच रूपांतर आहे. फांदीच्या शेंड्यावरची कळी काट्यांच्या जोडीत बदलते. शेंड्याची वाढ थांबली की बाजूच्या कळ्या फुटतात, त्या फांद्यांच्या टोकांनाही पुढे काटे येतात आणि पाहता पाहता गुंतागुंतीची जाळी तयार होते. हॉथॉर्नचा काटाही फांदीचेच रूपांतर. पण तो गुलाबाच्या कुलातील, तर करवंद कण्हेरीच्या कुलातील. दोन वेगळ्या घराण्यांनी गुराढोरांपासून बचावाची जवळजवळ सारखीच युक्ती शोधली! (कण्हेरीलाही करवंदासारखा पांढरा चीक असतो; पण कण्हेर विषारी आहे, हे कधीही विसरू नका.)

करवंदाच्या कुंपणाची इतिहासातही नोंद आहे. मिठावरील कर चुकवून कोणी मीठ नेऊ नये म्हणून इंग्रज सरकारने एकोणिसाव्या शतकात उत्तर व मध्य भारतात शेकडो किलोमीटर लांबीचे जिवंत कुंपण वाढवले होते. त्यात बाभूळ, बोर आणि निवडुंगाबरोबर करवंदही होते. ती करसीमा १८७९ मध्ये बंद झाली आणि कुंपणही नाहीसे झाले. हेतू अन्यायाचा होता. झुडपाचा गुण मात्र खरा होता.

परदेशी झुडपांबाबत सावध राहण्याचे आणखी एक कारण आहे. घाणेरी, म्हणजेच टणटणी, आपल्याकडे शोभेसाठीच आणली गेली. पाखरांनी तिचे बी दूरवर नेले आणि आज तिने रानेच्या राने व्यापली आहेत. इंग्रज वसाहतवाल्यांनी न्यूझीलंडमध्ये नेलेला हॉथॉर्नही कुंपण सोडून रानात पसरला. बागेची हद्द माणूस आखतो. बुलबुल ती मानत नाही.

मावळात आज काय चालले आहे? डोंगरउतारावर जमिनीचे तुकडे पडतात. पहिल्याच दिवशी यंत्राने करवंदाच्या जाळ्या उपटल्या जातात आणि मग त्याच जागी काटेरी तार ताणली जाते! फुकटचे, फळ देणारे कुंपण काढून विकतचे, गंजणारे कुंपण आपण लावतो. जाळीची मुळे उतारावरची माती धरून ठेवतात, तार ती धरत नाही. एप्रिल-मे महिन्यांत पाट्या भरून 'डोंगरची मैना' विकायला येणाऱ्या ठाकर-कातकरी बायकांची चार पैशांची मिळकतही त्या जाळ्यांबरोबर जाते.

तारेच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे. तार एका दिवसात उभी राहते. करवंदाला दाट व्हायला तीन-चार वर्षे लागतात. हे खरे आहे. पण यावर उपाय सोपा आहे. तार असेलच तर तिच्या आतल्या बाजूने करवंद लावा; तार गंजेपर्यंत जाळी तयार झालेली असेल. लहान मुले खेळतात तेथे, किंवा अगदी पायवाटेला लागून मात्र हे झुडूप लावू नये.

लागवड तुम्हीही करू शकाल. पूर्ण पिकलेल्या फळांतील बिया धुऊन सावलीत सुकवा आणि लगेच पेरा. करवंदाचे बी फार दिवस टिकत नाही. वर्षभर पिशवीत वाढवलेली रोपे पुढच्या जूनमध्ये सुमारे ६० सेंटिमीटर अंतरावर लावा. पाणी साचेल अशी जागा टाळा. पहिले एक-दोन उन्हाळे अधूनमधून पाणी द्या आणि कोवळी रोपे शेळ्यांपासून राखा. छाटणी फळे संपल्यावर, पावसाळ्याच्या तोंडाशी करावी. फुले नव्या फांद्यांच्या शेंड्यांकडे येतात, म्हणून हिवाळ्यात कात्री चालवली तर त्या वर्षीची करवंदे गमवावी लागतील.

एक पथ्य मात्र पाळा. डोंगरावरची वाढलेली जाळी उपटून घरी आणू नका. आपले कुंपण करण्यासाठी रान उघडे पाडले, तर आपण आणि ते यंत्र यांत फरक काय राहिला?

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. शाळेच्या आवाराची एक बाजू करवंदासाठी राखून ठेवा. काट्यातले खोड, फुलांचा हंगाम, कोणते पाखरू फळ खाते, उताराची माती कोठे टिकते, हे सारे विद्यार्थ्यांना तेथे स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येईल. आणि मित्रांनो, येत्या मे महिन्यात करवंदे खाल, तेव्हा बिया फेकू नका. त्या मोजा, धुवा आणि पेरा.