फी माफ, पण अभ्यास माफ नाहीं

धर्म सांगण्याचा मक्ता जन्मानें मिळतो, असें आपल्या मुलखांत पिढ्यान्‌पिढ्या सांगण्यांत आलें. विलायतेंत तो मक्ता जन्माचा नव्हता, पैशाचा होता. पण गरिबाच्या दारांतून पाहिलें म्हणजे ह्या दोहोंत फारसें अंतर दिसत नाहीं. तेथील मक्त्याला एका पाद्र्यानें कसें भगदाड पाडलें आणि तें पाडतांना कोणती खबरदारी घेतली, ही हकीकत आम्ही आज वाचकांपुढें ठेवतों. कोणी ख्रिस्ती व्हावें म्हणून नव्हे. शेजाऱ्याच्या शेतांत चांगलें बीं दिसलें तर शहाणा कुणबी शेजाऱ्याची जात विचारीत बसत नाहीं.

इंग्लंडचें राजमान्य चर्च म्हणजे अँग्लिकन चर्च. एकोणिसाव्या शतकांत त्याचा पाद्री बहुधा ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजचा पदवीधर असे. तेथें तीन-चार वर्षें राहण्याचा खर्च जमीनदाराच्या, व्यापाऱ्याच्या किंवा पाद्र्याच्याच मुलास झेपे. पुढें निराळीं धर्मशिक्षणाचीं कॉलेजें निघालीं. 1816 सालीं सेंट बीज येथें पदवी नसलेल्यांसाठीं एक, मग 1839 सालीं चिचेस्टर, 1840 सालीं वेल्स, 1854 सालीं कडस्डन. परंतु तेथेंही पैसे मोजावे लागत. खाणींतील मजुराचा किंवा सुताराचा मुलगा बाकावर बसून प्रवचन ऐके. तें सांगण्यास उभें राहणें त्याला फार कठीण होतें.

हर्बर्ट केली हा गृहस्थ 1860 सालीं जन्मला. आधीं वुलिचच्या लष्करी शाळेंत शिकला, मग ऑक्सफर्डास जाऊन पाद्री झाला. कोरियाचे बिशप कॉर्फ यांस मिशनच्या कामासाठीं माणसें पाहिजे होतीं. तीं तयार करण्याचें काम केलीनें अंगावर घेतलें आणि 1891 सालीं दक्षिण लंडनमधील एका घरांत मूठभर तरुण घेऊन आरंभ केला. त्यांतूनच ‘सोसायटी ऑफ द सेक्रेड मिशन’ हें व्रतस्थ मंडळ उभें राहिलें. 1897 सालीं बिऱ्हाड सफक परगण्यांतील मिल्डनहॉल गांवीं गेलें आणि 1903 सालीं नॉटिंगहॅमशायरमधील न्यूअर्क शहराजवळ, ट्रेंट नदीकांठच्या केलहॅम येथें स्थिरावलें.

केलहॅमची वास्तु म्हणजे एका जहागीरदार घराण्याचा वाडा. जुना वाडा 1857 सालीं जळाल्यावर गिल्बर्ट स्कॉट यानें हा नवा बांधला. मुंबईचा राजाबाई टॉवर ज्यानें आंखला तोच हा स्कॉट. ज्या दिवाणखान्यांत सरदारांच्या मेजवान्या झडाव्या, तेथें कामगारांचीं मुलें धर्मशास्त्राचीं पुस्तकें उघडून बसूं लागलीं. 1928 सालीं शेजारीं मोठ्या घुमटाचें प्रार्थनामंदिर उभें राहिलें.

आतां तेथील विद्यार्थ्यांची रहाणी पहा. ठराविक फीची अट नव्हती. ज्याच्या घरच्यांस जें देववेल तें त्यांनीं द्यावें, न देववेल तर मंडळानें सोसावें. परंतु फुकट शिकणारा म्हणून कोणी आयता बसत नसे. दिवस घंटेवर चाले. प्रार्थना, अभ्यास, काम आणि खेळ यांच्या वेळा ठरलेल्या. फरशी घासणें, भांडीं धुणें, बागेंत खणणें हें काम विद्यार्थीच करीत. फूटबॉलही नेमानें खेळावा लागे. रात्रींच्या प्रार्थनेनंतर सकाळपर्यंत मौन. मंडळाचे व्रतस्थ बंधु आणि विद्यार्थी एकाच छपराखालीं राहत. व्रतस्थ मंडळींना पगार नव्हता, म्हणूनच गरिबाच्या मुलाचा खर्च निघूं शकत होता. हा हिशेब वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. ज्ञान फुकट मिळतें तेव्हां कोणीतरी आपल्या पोटाला चिमटा घेतलेला असतो.

अभ्यासांत मात्र सवलत नव्हती. बायबल, चर्चचा इतिहास, धर्मसिद्धांत, तत्त्वज्ञान, अशीं चार-पांच वर्षें कसून घालवावीं लागत. पाठांतरानें माणूस शहाणा होतो, हें केलीला मान्य नव्हतें. विद्यार्थ्यानें स्वतः विचार करावा, प्रश्नाच्या मुळाशीं जावें, यावर त्याचा कटाक्ष असे. विसाव्या शतकाच्या आरंभीं चर्चमधील वरिष्ठ मंडळींचा कल असा होऊं लागला कीं, विश्वविद्यालयाची पदवी असल्याशिवाय पाद्री करूं नये. केलीनें ह्यास विरोध केला. पदवी हें एका वर्गाला परवडणारें शिक्षण आहे. धर्माचें ज्ञान आणि पदवीचा कागद एक नव्हे, असा त्याच्या म्हणण्याचा रोख होता. त्यानें दाराची उंची कमी केली नाहीं. दाराशीं बसलेला जकातदार उठविला.

येथेंच आमच्या बंधूंस आम्हांला टोंचून बोलावयाचें आहे. जोतीराव फुल्यांनीं 1873 सालीं सत्यशोधक समाज काढला आणि भिक्षुकावांचून लग्न लागतें हें दाखवून दिलें. शाहू महाराजांनीं 1920 सालीं कोल्हापुरांत ब्राह्मणेतर मुलांस पौरोहित्य शिकविण्यासाठीं वैदिक शाळा काढली. वाट मोकळी झाली. पण त्या वाटेवर चालणारे आम्ही किती तयारीनें चाललों? आम्ही खेड्यांत असे विधि पाहिले आहेत कीं, जुना भिक्षुक न समजणारें पुटपुटत होता त्याच्या जागीं आपलाच माणूस न समजणारें पुटपुटतो. वधूवरांस शपथेचा अर्थ कळत नाहीं, सांगणाऱ्यासही नाहीं. दक्षिणा मात्र दोघांस बरोबर कळते! तोंड बदललें, पुटपुटणें तेंच राहिलें. मक्ता मोडणें हें निम्मेंच काम; मोकळ्या झालेल्या जागीं शिकलेला माणूस बसविणें हें उरलेलें निम्में.

दुसरी गोष्ट झाडूची. शाळेंत मुलांकडून अंगण झाडून घेतलें म्हणून एक पालक आमच्यावर तणतणत आले. “गुरुजी, हेंच करायचं तर पोराला शाळेत कशाला धाडलं?” ते गृहस्थ स्वतः सकाळपासून शेण काढून आलेले होते! शिकणें म्हणजे हातांना माती न लागणें, ही समजूत आम्हीं ज्यांच्याशीं भांडलों त्यांच्याकडूनच उसनी घेतली. कर्मवीर भाऊराव पाटलांनीं ‘कमवा आणि शिका’ हा मार्ग घालून दिला, त्यांत खडी फोडणाऱ्या हातांत पुस्तक होतें. केलहॅमांतही धर्मशास्त्र शिकणाराच भांडीं घाशी. कामानें विद्या बाटत नाहीं, उलट तिला पाय फुटतात.

केलहॅमची सारीच वाखाणणी करावी असें नाहीं. तेथें स्त्रियांस जागा नव्हती. इंग्लंडच्या चर्चमध्यें स्त्री पाद्री होण्यास 1994 साल उजाडावें लागलें. सावित्रीबाईंच्या मुलखांतील माणसांस हें खटकलेंच पाहिजे. शिवाय तें कॉलेजही टिकलें नाहीं. 1960 नंतर उमेदवार रोडावले, चर्चनें कॉलेजांची संख्या कमी करण्याचें धोरण धरलें आणि 1973 सालीं मंडळानें तो वाडा सोडला. केली 1950 सालींच वारला होता. पण वाडा सुटला म्हणून काम वायां गेलें असें नाहीं. तेथून शिकून गेलेले पाद्री कामगारवस्त्यांत आणि परमुलखांत आयुष्यभर राबले.

तेव्हां आमची सूचना साधी आहे. ज्या गांवीं सत्यशोधक पद्धतीनें विधि होतात, तेथील दोन माणसांनीं, त्यांतली एक बाई असावी, सुगी संपल्यावर महिनाभर एकत्र बसून विधीचा शब्दन्‌शब्द अर्थासह शिकावा, आणि मंडपांत तो मराठींत समजावून सांगावा. शिकविणाऱ्यानें पैसा घेऊं नये. शिकणाऱ्याची भाकरी गांवानें आळीपाळीनें द्यावी, आणि शिकणाऱ्यानें चावडी झाडावी. ज्याला अर्थ सांगतां येणार नाहीं, त्याला पुढें उभें करूं नये. मग तो आपल्या भावकीचा कां असेना. ह्याला वाडा लागत नाहीं, घुमट लागत नाहीं. देवळाची ओसरी आणि एक कंदील पुरे आहे.