तव्यावरची सुरळी

आमच्या वाईंत एकत्र कुटुंबें आतां पूर्वीइतकीं राहिलीं नाहींत. पण जीं आहेत त्यांतील संध्याकाळचा देखावा फारसा पालटलेला नाहीं. प्रथम मुलें, मग पुरुषमंडळी, नंतर वडील बायका, आणि तव्यापुढें उभी असलेली सून सर्वांच्या मागून. गेल्या उन्हाळ्यांत पुण्याहून सुटीला आलेली आमची पुतणी रात्रीं साडेनऊ वाजतां पाणी प्यावयास स्वयंपाकघरांत गेली, तों तिची मोठी काकू ओट्याशींच उभी राहून गार पोळीचा तुकडा उरल्यासुरल्या आमटींत बुडवून खात होती. "काकू, तूं रोज अशीच जेवतेस?" एवढेंच तिनें विचारिलें. काकूंनीं उत्तर दिलें नाहीं. बाहेर बसून आम्हीं तें ऐकलें, आणि खरें सांगावयाचें तर आम्हांलाहि उत्तर सुचलें नाहीं.

त्याच आठवड्यांत परदेशीं शिकत असलेल्या पुतण्याचें पत्र आलें. तो व त्याचे सोबती तव्यावर खिमा परततात, त्यांत हिरवीं पानें, काकडी व टोमॅटो घालतात आणि पातळ पोळींत गुंडाळून खातात. वीस मिनिटांत चौघे जेवतात व भांडीं दोनच पडतात, असें त्यानें कौतुकानें लिहिलें होतें. 'खिमा' या शब्दाशीं आजोबांनीं चष्मा काढून ठेवला. काकूंचें लक्ष मात्र 'वीस मिनिटें' आणि 'दोन भांडीं' यांवरच राहिलें.

आमच्या घरीं मांस शिजत नाहीं. पण म्हणून दुसऱ्याच्या ताटाकडे पाहून नाक मुरडण्याचें कारण नाहीं. १९१० सालीं निघालेल्या लक्ष्मीबाई धुरंधरांच्या 'गृहिणीमित्र' ग्रंथांत शाकाहाराशेजारीं सामिष पाककृतीहि सुखानें नांदल्या आहेत. ज्यांच्या घरीं खिमा चालतो त्यांना सूचना एवढीच: अखंड तुकड्यावरील जंतु बहुधा वरच्या वर राहतात, पण मांस दळलें कीं ते सर्वत्र मिसळतात. म्हणून खिमा आंतपर्यंत ७१ अंश सेल्सिअस तापला पाहिजे. नुसता रंग पाहून भागत नाहीं.

आमच्या मनांत भरली ती पदार्थाची घडण. ती तरी नवी कोठें आहे? तूपसाखर लावलेल्या पोळीची सुरळी हातांत घेऊन अंगणांत पळालेलें नाहीं असें मूल आपल्यांत विरळाच. कलकत्त्याचा काठी रोल किंवा मेक्सिकोंतील मक्याच्या पोळीची गुंडाळी हीं त्याच सुरळीचीं भावंडें. प्रश्न राहिला खिम्याच्या जागीं काय घालावें याचा, आणि तो काकूंनींच सोडविला: अनंतचतुर्दशीची वाटली डाळ! तिचा मोकळा, रवाळ पोत याच कामासाठीं जणूं घडलेला आहे. शिवाय गव्हांत लायसीन हें अमिनो आम्ल कमी असतें तें डाळींत भरपूर असल्यानें पोळीशीं तिची जोडी पोषणाच्या दृष्टीनेंहि उत्तम.

दहा सुरळ्यांस दोन वाट्या हरभऱ्याची डाळ घेऊन चार तास भिजवावी. पाणी पुरतें निथळून, चारपांच हिरव्या मिरच्या व आल्याचा तुकडा घालून ती जाडीभरडी वाटावी. वाटतांना पाणी मुळींच घालूं नये. डाळ गंधासारखी बारीक झाली कीं तव्यावर तिचा लगदा होतो. खोलगट बिडाच्या तव्यांत पांच मोठे चमचे तेल तापवून मोहरी, हिंग व हळद (हळदीबद्दल वाईकरांना कोणीं सांगावें!) यांची फोडणी करावी आणि डाळ टाकावी. येथें तेलाची काटकसर केल्यास डाळ घशाशीं अडकते. मंद आंचेवर झांकण ठेवून वाफ आणावी, मग तळापासून खरवडून परतावें. असें तीनचार वेळां केलें म्हणजे कच्चा वास जातो व डाळ मोकळी होते. मीठ व चिमूटभर साखर तव्यावरच घालावी. लिंबू, ओलें खोबरें, कोथिंबीर खालीं काढल्यावर. बिडाला आंबट लागलें कीं पदार्थ काळवंडतो.

कोशिंबिरीनें मात्र पहिल्या दिवशीं आमची फजिती केली. काकडी आधींच कोचवून, मीठ लावून ठेवली होती. मीठ भाजीच्या पेशींतील पाणी बाहेर ओढतें हें शाळेंत शिकलों होतों, पण पंधरा मिनिटांत वाडगा भरला तेव्हां आठवलें. पोळ्या भिजून फाटल्या आणि ओघळ आजोबांच्या कोपरापर्यंत गेला. आतां आम्ही कोबी बारीक चिरतों, गाजर किसतों, काकडी पिळून घेतों, सर्वांत मूठभर दाण्याचें कूट मिसळतों (उरलेलें पाणी तें शोषून घेतें), आणि मीठ सुरळी वळतांनाच घालतों. कांदा ज्याच्या त्याच्या आवडीनें. चातुर्मास पाळणाऱ्यांनीं अर्थात् वगळावा.

पोळीची कणीक तेलाचें मोहन घालून सैल भिजवावी व अर्धा तास मुरूं द्यावी. पोळ्या पातळ लाटून बेताच्या भाजाव्या आणि फडक्यांत गुंडाळून ठेवाव्या. कडक पोळी वळत नाहीं. हें काम दुपारींच उरकतां येतें. आयत्या वेळीं पोळीच्या एका कडेस डाळ, वर कोशिंबीर घालून, खालची बाजू दुमडून घट्ट सुरळी करावी. तव्यावर थोडें तूप सोडून जोड प्रथम खालीं येईल अशी ठेवावी, म्हणजे तो चिकटतो. अर्ध्या मिनिटानें उलटावी.

आतां दर शनिवारीं आमची शेगडी माजघरांत येते. प्रत्येकानें आपली सुरळी आपण वळावयाची. आजोबांचीहि सुटका नाहीं. पंगतीचा मान जातो म्हणून आत्याबाई पहिले दोन शनिवार रुसल्या होत्या. त्यांचें म्हणणें अगदींच निराधार आहे असें आम्हांला वाटत नाहीं. पण मोठ्या काकू त्या दिवशीं साडेसातला, सर्वांबरोबर बसून, गरम जेवतात. बाकीचे सहा दिवस अजून जुन्याच रीतीचे आहेत, आणि त्यांची बोलणी घरांत चालू आहेत.

उरलेली डाळ शीतकपाटांत दुसऱ्या दिवसापर्यंत टिकते. सकाळच्या पोह्यांत ती फार छान लागते. कोशिंबीर मात्र उरवूं नये, आणि मुलांच्या डब्यांत ती नेहमीं वेगळ्या डबींत द्यावी.