प्रगती : निरंक

आपल्या मंडळाच्या गेल्या वार्षिक सभेत एक सूचना मांडण्यात आली. विद्यार्थी साहाय्य निधीतून संशोधन करणाऱ्या मुलामुलींना जी मदत दिली जाते, ती यापुढे दर वर्षी ठोस निष्पत्ती दाखविणाऱ्यांनाच चालू ठेवावी, अशी ती सूचना. सूचना मांडणारे सद्गृहस्थ माझे जुने स्नेही आहेत आणि त्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. पैसा सभासदांचा आहे, त्याचा हिशेब हवा, हे कोण नाकारील? सभागृहात टाळ्या पडल्या आणि निर्णय पुढील सभेवर ठेवण्यात आला. त्याच सभेत, सत्काराच्या भाषणात, डोरोथी हॉजकिन या ब्रिटिश स्फटिकशास्त्रज्ञ बाईंचा 'घरसंसार सांभाळून नोबेल मिळविणारी विदुषी' असा गौरवपूर्ण उल्लेख झाला. त्यालाही टाळ्या पडल्या. ही सूचना हॉजकिनबाईंना लागू झाली असती, तर त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठे काम दुसऱ्याच वर्षी बंद पडले असते, हे मात्र कोणाच्या ध्यानात आले नाही. या सूचनेला माझा विरोध आहे आणि तो का, हे येथे नोंदविणे मला कर्तव्य वाटते.

हॉजकिनबाईंचा जन्म १९१० चा, कैरो येथील. वडील तेथील शिक्षणखात्यात अधिकारी. ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकून १९३२ मध्ये त्या केंब्रिजला जे. डी. बर्नाल यांच्याकडे गेल्या. प्रथिनांच्या स्फटिकांवर क्ष-किरण सोडले तरी फिल्मवर काहीच उमटत नाही, असा तोवरचा अनुभव होता. स्फटिक ज्या द्रवात वाढला त्या द्रवातच ओला ठेवला, तर शेकडो ठिपके उमटतात, हे या गुरुशिष्यांनी १९३४ मध्ये पेप्सिनच्या स्फटिकावर दाखविले. प्रथिन म्हणजे आकार नसलेला चिकट पदार्थ नव्हे, त्यातील अणूंची मांडणी ठरलेली असते, याचा तो पुरावा होता. त्याच वर्षी ऑक्सफर्डला परतल्यावर सर रॉबर्ट रॉबिन्सन यांनी त्यांना थोडे इन्शुलिन दिले. १९३५ मध्ये त्याच्या स्फटिकाचे क्ष-किरण छायाचित्र त्यांनी प्रसिद्ध केले. तेव्हा त्या चोवीस वर्षांच्या होत्या.

इन्शुलिनच्या रेणूची संपूर्ण रचना उलगडली १९६९ मध्ये. मध्ये गेली चौतीस वर्षे!

एवढा काळ का लागावा? फिल्मवरील ठिपक्यांवरून किरणाची तीव्रता कळते. पण लाट कोणत्या टप्प्यावर होती, ती माहिती हरवते. ती परत मिळाल्यावाचून ठिपक्यांवरून अणूंच्या जागा काढता येत नाहीत. १९३५ मध्ये एवढ्या मोठ्या रेणूसाठी ती मिळविण्याचा मार्गच कोणास ठाऊक नव्हता. प्रथिनात पाऱ्यासारखा जड अणू बसवून तो मार्ग काढता येतो, हे मॅक्स पेरुट्झ यांनी हिमोग्लोबिनवर १९५३ मध्ये दाखविले. इन्शुलिनमधील ५१ अमिनो आम्लांचा क्रम फ्रेडरिक सँगर यांनी ठरविला तोही १९५० च्या दशकातच. लागणारी आकडेमोड पेलतील असे संगणक त्याहूनही नंतरचे. म्हणजे १९३५ साली जो प्रश्न बाईंनी हाती घेतला, त्याच्या उत्तराची साधनेच जगात नव्हती. आता आमच्या कार्यालयीन पद्धतीने या कामाची फाईल डोळ्यांपुढे आणा. १९३६ : प्रगती निरंक. १९४१ : निरंक. १९५० : निरंक. कोणता लेखापरीक्षक हे खपवून घेईल?

माझे स्नेही म्हणतील, बाईंनी मधल्या काळात पेनिसिलिन आणि ब-१२ जीवनसत्त्व यांच्या रचना शोधल्या, म्हणजे निष्पत्ती होतीच की! हा आक्षेप रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तर देतो. पेनिसिलिनचे काम युद्धकाळात चालले आणि १९४५ मध्ये पुरे झाले. त्याच्या केंद्रस्थानी चार अणूंचे एक ताणलेले कडे आहे, हा त्यांचा निष्कर्ष खुद्द रॉबिन्सन यांना मान्य नव्हता. ज्यांनी इन्शुलिन हाती दिले तेच तज्ज्ञ विरोधात! त्या वर्षीची निष्पत्ती ठरविण्याचे काम त्यांच्याकडे असते, तर बाई नापास झाल्या असत्या. ब-१२ चे स्फटिक १९४८ मध्ये हाती आले आणि रचना पुरी झाली ती १९५६ मध्ये. हे यशदेखील आठ वर्षांचे आहे. १९६४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले ते या कामांसाठी; इन्शुलिन तेव्हाही अपुरेच होते. शिवाय पेनिसिलिनची आणि ब-१२ ची फाईल वेगळी. दर वर्षीच्या निष्पत्तीचा नियम असता, तर सुज्ञ माणसाने फळ देणारी कामे ठेवून इन्शुलिन कायमचे मिटवले असते. नियम माणसाला आळशी करीत नाही. तो त्याला फक्त सोपे प्रश्न निवडायला शिकवितो. माझा खरा आक्षेप हा आहे.

आता त्या गौरवाविषयी. नोबेल जाहीर झाले तेव्हा एका ब्रिटिश दैनिकानेही 'ऑक्सफर्डच्या गृहिणीला नोबेल' अशा आशयाचा मथळा दिला होता. त्या मथळ्याला आज तेथेही लोक हसतात. आपण मात्र त्याच शब्दांत सत्कार करतो. बाईंना तीन मुले होती आणि अठ्ठाविसाव्या वर्षापासून संधिवाताने त्यांची बोटे वाकत गेली, हे खरे. पण हे सारे एकटीने 'सांभाळून' झाले, ही समजूत खोटी आहे. सॉमरव्हिलने त्यांना कायमची जागा दिली होती. रॉकफेलर प्रतिष्ठानाने अनुदान दिले. घरात मदतनीस स्त्रिया होत्या. पती थॉमस प्रौढशिक्षणाच्या नोकरीसाठी आठवडाभर परगावी असत. पण पत्नीचे काम थांबावे असे त्यांनी कधी मानले नाही. दुसरीकडे, विद्यापीठातील रसायनज्ञांच्या मंडळाच्या बैठकींना स्त्री म्हणून त्यांना सुरुवातीस प्रवेश नव्हता. चिकाटी हा व्यक्तीचा गुण खराच. पण तो चौतीस वर्षे टिकतो तो कोणीतरी टिकवू देतो म्हणून. आपण मुलींच्या चिकाटीचे पोवाडे गातो आणि तिला लागणारा आधार दर वर्षी काढून घेण्याचा ठराव करतो. याला काय म्हणावे?

हे सारे परदेशात चालते, आपल्याकडे नाही, असेही कोणी म्हणेल. इन्शुलिनची रचना उलगडणाऱ्या त्या चमूत केरळचा एक तरुण होता : एम. विजयन. १९७१ मध्ये ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत परतले, तेव्हा प्रथिनांच्या कामाला लागणारी सामग्री देशात नव्हती. त्यांनी लहान रेणूंवर काम करीत वाट पाहिली, १९८० च्या दशकात शासकीय अनुदान मिळाल्यावर प्रयोगशाळा उभारली, आणि १९९४ मध्ये त्यांच्या गटाने शेंगदाण्यातील लेक्टिन या प्रथिनाची रचना प्रसिद्ध केली. परतल्यापासून तेवीस वर्षे! या शाखेचे भारतातील आद्य प्रवर्तक म्हणून ते ओळखले गेले. २०२२ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा आपल्याकडे किती जणांनी ते नाव ऐकले होते?

आणि निष्पत्तीच हवी असेल, तर तीही पाहा. इन्शुलिनचे रेणू सहा-सहांच्या गटाने जस्ताभोवती कसे एकत्र येतात, हे त्या रचनेवरून दिसले. एकमेकांस चिकटणारी जागा कळल्यामुळे ती सैल करून लवकर काम करणारे इन्शुलिन घडविता आले; असे पहिले औषध १९९६ मध्ये बाजारात आले. आपल्या सभागृहात त्या दिवशी टाळ्या वाजविणाऱ्यांपैकी काही जण जेवणापूर्वी याच जातीचे इंजेक्शन घेत असतील. १९३५ पासून मोजले, तर ही निष्पत्ती एकसष्ट वर्षांनी हाती आली.

हे मी कोणाला शहाणपण शिकविण्यासाठी लिहीत नाही. मध्य प्रदेश शासनाच्या सेवेत असताना एका संशोधन योजनेची फाईल माझ्याकडे आली होती. पावसावर येणाऱ्या स्थानिक वाणांच्या निवडीचे ते काम. सहा वर्षांत एकही वाण शेतकऱ्यापर्यंत पोहोचले नव्हते. ते संशोधक वह्यांचा गठ्ठा घेऊन मला भेटावयास आले आणि "साहेब, आणखी दोन हंगाम द्या" म्हणाले. मी वह्या उघडून पाहिल्या नाहीत. मला त्या वाचताही आल्या नसत्या. पण वाचू शकणाऱ्या कोणाकडे त्या पाठविता आल्या असत्या, तेही मी केले नाही. टिपणीत 'प्रगती निरंक, योजना बंद करण्यास हरकत नाही' असे लिहून सही केली. योजना बंद झाली. माझी ती टिपणी नियमाप्रमाणे अगदी निर्दोष होती. म्हणूनच असल्या नियमाचे मला भय वाटते.

हिशेब नको, असे माझे म्हणणे नाही. विद्यार्थ्याने वर्षभर काय केले, याचा अहवाल जरूर मागावा आणि तो त्या विषयाच्या जाणकाराकडून वाचून घ्यावा. काय मिळाले, ही मात्र मदतीची अट असू नये. जे काम हाती घेतले त्याच्या स्वाभाविक मुदतीपर्यंत मदत चालावी, आणि सत्काराच्या मानपत्रांतून 'घर सांभाळून' हे शब्द कायमचे वगळावेत. अशी उपसूचना मी कार्यवाहांकडे लेखी दिली आहे. पुढील सभेस सभासदांनी अगत्याने उपस्थित राहावे आणि हात वर करण्यापूर्वी आपल्या घरातील ज्या नातीने अवघड प्रश्न निवडला आहे, तिचा एकदा विचार करावा, एवढीच विनंती.