'निसर्ग' वजा केला तर?

आपल्या होस्टेलमध्ये श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुडकडची मुलं-मुली काही कमी नाहीत. त्यांच्या घरी काळ दोनच भागांत मोजतात, वादळाआधी आणि वादळानंतर. 3 जून 2020 च्या दुपारी 'निसर्ग' अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं आणि सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. नवं रोप फळ धरायला पाच-सात वर्षं घेतं, म्हणजे तो हिशोब अजून मिटलेला नाही.

ते वादळ आलंच नसतं तर? हवामानाच्या मॉडेलला हे खरंच विचारता येतं! मॉडेल सुरू करताना त्या क्षणाचा वारा, दाब, तापमान, बाष्प असं सगळं भरावं लागतं. यालाच इनिशियल कंडिशन्स म्हणतात. ('प्रारंभिक स्थिती' हा शब्द मला कॉन्व्हेंटवालीला डिक्शनरीत बघावा लागला. असो.) डब्ल्यूआरएफ हे मॉडेल फुकट मिळतं आणि त्यात वादळ पुसायची सोयच आहे. वादळाचं केंद्र द्यायचं, की त्याभोवतालच्या वर्तुळातलं वाऱ्याचं गरगरणं काढलं जातं आणि उरलेल्या वाऱ्याशी जुळणारा दाब नि तापमान नव्याने काढलं जातं. नुसता वारा शून्य करून भागत नाही बरं का! कमी दाबाचा खड्डा तसाच राहिला तर हवा पुन्हा आत धावणार, आणि वादळ मागच्या दाराने हजर.

मुळात ही युक्ती अंदाज सुधारण्यासाठी निघाली. समुद्रावर निरीक्षणं कमी, त्यामुळे मॉडेलमधलं वादळ बऱ्याचदा भलत्या जागी आणि अशक्त असतं. ते काढून योग्य जागी योग्य ताकदीचं बसवायचं. अमेरिकेतल्या जीएफडीएल प्रयोगशाळेत कुरिहारा आणि सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात हे करून दाखवलं.

"गेलेलं वादळ पुसून काय मिळणार?" असं मला एकाने विचारलं. मी म्हणते, पुष्कळ! वादळासकट आणि वादळाशिवाय असे दोन रन घ्या. पाऊस किती वादळाचा आणि किती एरवीचा, ते वेगळं दिसेल. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आपण फक्त भोवरा काढतो, खालचा तापलेला समुद्र तसाच राहतो. 1 जूनचा कमी दाबाचा पट्टा पुसूनही मॉडेलने दोन दिवसांत नवा भोवरा उभा केला तर? मग 'निसर्ग' हा चुकून आलेला पाहुणा नव्हता, समुद्र तयारच होता. पुढच्याच वर्षी, मे 2021 मध्ये, 'तौक्ते' याच किनाऱ्यासमोरून गेलं. एका प्रयोगावरून पुढचं वादळ कधी येईल ते कळत नाही, हे मान्य. पण पुन्हा सुपारीच लावायची का, हा प्रश्न पडलेल्या माणसाला "शंभर वर्षांत एकदा होतं हो" एवढंच उत्तर देणं मला पटत नाही.

दरवर्षी आपल्याकडे अटेंडन्स सिस्टिमचे किती प्रोजेक्ट होतात, मोजून पाहा! लॅबमधली मशीन्स रात्री रिकामी असतात. सर, परवानगी द्या. श्रीवर्धनची एक मुलगी आणि मी, टीम तयार आहे.