घरची बाग : निशिगंधाचा वाफा

निशिगंध हें नांव कानीं पडतांच कोणाही संस्कृतज्ञास वाटावें कीं, हें फूल आपल्या प्राचीन उपवनांतलेंच असणार. आम्हीही पुष्कळ वर्षें याच भ्रमांत होतों. वस्तुतः ही वनस्पति मूळची मेक्सिकोची. तेथील प्राचीन लोक तिला ‘अस्थिपुष्प’ अशा अर्थाच्या नांवानें ओळखीत. युरोपीय लोकांबरोबर ती इकडे आली, आणि आपण तिला संस्कृत नांव देऊन घरची करून घेतली. गुलछडी ती हीच. वनस्पतिशास्त्रज्ञ आतां तिची गणना घायपाताच्या गोतांत करतात. घायपाताचें झाड एकदांच फुलतें व मरतें. मागें त्याचे फुटवे राहतात. निशिगंधाचा कंदही एकदांच छडी देतो, आणि मग त्याच्या कडेचे बाळकंद वंश चालवितात. हें न समजल्यामुळें आमच्या हातून जी चूक झाली, ती वाचकांस सांगणें इष्ट वाटतें.

आमच्या सौभाग्यवतीनें 2016 सालीं अंगणांत बारा कंद लावले होते. 2019 सालीं तिचें देहावसान झालें. तिच्या हातच्या त्या वाफ्यास कुदळ लावावयाची नाहीं, असा आम्हीं नियमच केला. खत घातलें, पाणी घातलें. परंतु पानें गवतासारखीं माजलीं, छड्या वर्षागणिक कमी होत गेल्या, आणि 2022 च्या पावसाळ्यांत एकही आली नाहीं. एका वृद्ध माळ्यानें वाफा पाहून म्हटलें, “गुरुजी, आंत दाटी झाली आहे. वाफा मोडा.” आम्हांस तें रुचलें नाहीं. तरी पुढील फाल्गुनांत मन घट्ट करून आम्हीं तो खणला. आंत शंभरांवर कंद एकमेकांस चिकटून बसलेले निघाले. पण तिनें लावलेल्या बारांपैकीं एकही नव्हता. ज्यांस आम्ही जपत होतों, ते केव्हांच सरले होते. होती ती त्यांची संतति, आणि आमच्या जपण्यानेंच तिचा कोंडमारा झाला होता.

आतां कृति सांगतों. दर दोन-तीन वर्षांनीं पानें पिवळीं पडूं लागलीं कीं पाणी तोडावें, कंद खणून माती झाडावी व महिनाभर सावलींत कोरडे ठेवावेत. चैत्र-वैशाखांत सुपारीहून लहान नसलेले कंद निवडून उन्हाच्या जागीं, निचऱ्याच्या जमिनींत, कुजलेलें शेणखत मिसळून, दोन इंच खोल व वीतभर अंतरानें लावावेत. बारीक कंद टाकूं नयेत; वेगळ्या वाफ्यांत वाढवावेत. कोंब दिसेपर्यंत पाणी बेतानेंच द्यावें, नाहींतर कंद सडतो. तीन-चार महिन्यांनीं छड्या येतात. वाऱ्यानें कलूं लागल्यास काठीचा आधार द्यावा. सुवासासाठीं एकेरी जात उत्तम. दुहेरी फूल भरगच्च दिसतें, परंतु त्यास सुगंध कमी. घरांत ठेवावयाची छडी खालच्या एक-दोन कळ्या उमलतांच सकाळीं कापावी, म्हणजे वरच्या कळ्या क्रमानें उमलत राहतात.

निवडलेल्यांपैकीं बारा कंद आम्हीं त्याच वाफ्यांत लावले. उरलेले मुलीच्या घरीं व शेजारीं वांटले. भाद्रपदांत आमच्या येथें नऊ छड्या आल्या. मुलीच्या गच्चींतील कुंडींतही एक आली. ज्यांचा वाफा तिसऱ्या वर्षास लागला असेल, त्यांनीं येत्या फाल्गुनांत खणण्याचें टाळूं नये.